६३५७ चा अडथळा: निफ्टीला सहा वर्षं अडवणारी पातळी शेवटी कशी तुटली

सपोर्ट-रेझिस्टन्स, म्हणजे भाव जिथे खाली टेकतो किंवा वर अडतो त्या पातळ्या, नीट समजून घ्यायच्या असतील तर माझ्या मते आपल्या बाजारात २००८ ते २०१४ मधल्या निफ्टीइतकं चांगलं प्रकरण दुसरं नाही. ८ जानेवारी २००८ ला निफ्टीने, म्हणजे ५० मोठ्या शेअरांच्या इंडेक्सने, ६३५७.१० चा उच्चांक केला आणि त्याच्या वर जाऊन टिकायला मार्च २०१४ उजाडावा लागला, म्हणजे सहा वर्षं दोन महिने. मधल्या काळात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली, लोकसभेची एक निवडणूक होऊन गेली आणि दुसरी तोंडावर आली, डॉलर ४० रुपयांच्या आत होता तो ६८ च्या पुढे जाऊन आला, आणि एवढं सगळं होऊनही भाव परत परत त्याच एका पट्ट्याजवळ येऊन अडत होता.

क्लासमधे किंवा यूट्यूबवर दाखवतात ते चार्ट आधीच निवडलेले असतात, दोन टॉप एका रेषेत, मग ब्रेकआऊट (भाव रेषा तोडून वर), मग रिटेस्ट (परत त्या रेषेपर्यंत येणं), मग भाव वर, संपलं. खऱ्या बाजारात असं क्वचितच होतं. या प्रकरणात खोटा ब्रेकआऊट आहे, सेन्सेक्स आणि निफ्टीचं न जुळणं आहे, "क्लोजिंग (दिवसअखेरचा भाव) वर आलं की घ्या" हा नियम तंतोतंत पाळून फसलेले लोक आहेत, आणि ज्या रिटेस्टची सगळे वाट बघत बसले तो आलाच नाही. म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर घेतोय.

आधी २००८ चा टॉप. ८ जानेवारीला निफ्टीचा टॉप, दोन दिवसांनी १० जानेवारीला सेन्सेक्सचा, २१२०६ च्या वर. १५ तारखेला रिलायन्स पॉवरचा आयपीओ उघडला, ४५० रुपये भाव, किरकोळ गुंतवणूकदाराला २० रुपये सूट, आणि लोकांनी फक्त त्या अर्जासाठी डिमॅट उघडली, ज्यांनी आयुष्यात शेअर घेतला नव्हता त्यांनीही अर्ज भरले. २१ जानेवारीच्या सोमवारी निफ्टी ५७०५ वरून ५२०९ वर बंद झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी लोअर सर्किट (घसरणीची मर्यादा) लागून तासभर ट्रेडिंग थांबलं आणि ४४४८ चा लो दिसला. ११ फेब्रुवारीला रिलायन्स पॉवर लिस्ट झाला तो त्याच दिवशी ३७२ च्या आसपास बंद. मग सप्टेंबरमधे लेहमन, आणि २७ ऑक्टोबर २००८ ला निफ्टी २२५२.७५. टॉपपासून जवळजवळ ६५ टक्के.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे रेझिस्टन्स तयार होतो तो इथे. चार्टवरची रेष आपण नंतर मारतो, आधी तिथे माणसं अडकतात. ज्याने ६००० च्या वर म्युच्युअल फंडात किंवा शेअरमधे पैसे घातले त्याने पुढची काही वर्षं डोक्यात एकच आकडा ठेवला, माझे पैसे परत आले की मी मोकळा. नफा नको, व्याज नको, फक्त मुद्दल सुटू दे. असे लाखो लोक असतात आणि ते एकमेकांना ओळखत नसले तरी त्यांचा विकायचा भाव जवळपास सारखाच असतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, इथे तर लोक ताकाकडे बघायलाही तयार नव्हते. त्यांच्याशिवाय आणखी दोन प्रकारचे विकणारे असतात, एक म्हणजे खाली घेतलेले, ज्यांना जुना टॉप दिसला की नफा खिशात घालावासा वाटतो, आणि दुसरे म्हणजे शॉर्ट करणारे (आधी विकून नंतर खाली परत घेणारे) आणि कॉल ऑप्शन विकणारे, जे भाव त्या आकड्याच्या वर जाणार नाही अशी पैज लावतात. तिघं एकाच ठिकाणी जमा होतात म्हणून तिथे माल येतो आणि भाव अडतो, बाकी त्या आकड्यात स्वतःची काही शक्ती नसते.

आता दुसरी धडक. २०१० मधे परदेशी संस्थांनी, म्हणजे एफआयआयनी आपल्याकडे शेअरमधे १ लाख ३० हजार कोटींच्या वर निव्वळ खरेदी केली, ३ नोव्हेंबरला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने ६०० अब्ज डॉलरची क्यूई-टू ही रोखेखरेदी जाहीर केली, ४ नोव्हेंबरला कोल इंडियाचं लिस्टिंग जोरात झालं, आणि ५ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्त ट्रेडिंगमधे निफ्टी ६३३८.५० पर्यंत गेला. जुन्या टॉपपासून फक्त १९ पॉइंट खाली. त्या दिवशी वातावरण असं होतं की आता हे पार होणारच, फक्त दिवसांचा प्रश्न. पण तिथूनच उतरला. टू-जी चा कॅगचा अहवाल, गृहकर्जाच्या लाचखोरीचं प्रकरण, महागाई, रिझर्व्ह बँकेची एकामागून एक व्याजवाढ, कारणं भरपूर सापडली आणि २० डिसेंबर २०११ ला निफ्टी ४५३१ वर होता. टॉपपासून साडेअठ्ठावीस टक्के खाली.

इथे बरेच जण एक चूक करतात आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ते म्हणतात की बघा, भाव ६३५७ ला लागलाच नाही, ६३३८ वरूनच फिरला, मग रेझिस्टन्स कुठला? किंवा उलट, शॉर्ट करायची ऑर्डर बरोबर ६३५७ ला लावून बसतात आणि ती कधी भरत नाही. विकणारा माणूस टॉपच्या पैशापर्यंत थांबत नाही, जवळ आलं की सोडतो, कारण त्याला हे माहीत असतं की त्याच्यासारखे बाकीचेही त्याच आकड्याकडे बघतायत. म्हणून पातळी हा एक पट्टा असतो. या प्रकरणात तो पट्टा कुठून कुठपर्यंत होता ते पुढच्या धडका बघितल्यावर कळतं, साधारण ६२३० ते ६४१५, म्हणजे तीन टक्के रुंद. इतक्या मोठ्या काळाच्या पातळीला तीन टक्के रुंदी काहीच नाही, पण ज्याने वीस पॉइंटचा स्टॉप लॉस (तोटा तिथेच थांबवणारी ऑर्डर) लावून इथे ट्रेड घेतला त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

तिसरी धडक मे २०१३. २० मे ला ६२२९.४५. ही धडक पट्ट्याच्या खालच्या कडेलाच थांबली. दोनच दिवसांनी फेडचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्की अमेरिकेच्या संसदेत बोलले की रोखेखरेदी येत्या काही बैठकांमधे कमी होऊ शकते, आणि जिथे जिथे चालू खात्याची तूट (निर्यात वगैरेतून येतं त्यापेक्षा आयातीला जास्त परकीय चलन जाणं) मोठी होती त्या सगळ्या देशांची चलनं कोसळली. आपला रुपया मे मधे ५५ च्या आसपास होता तो २८ ऑगस्टला ६८ च्या पुढे गेला आणि त्याच दिवशी निफ्टीने ५११८.८५ चा लो केला. टॉपपासून जवळपास १८ टक्के.

आता तीन आकडे शेजारी ठेवा. पहिल्या टॉपनंतर ६५ टक्के पडला. दुसऱ्यानंतर साडेअठ्ठावीस. तिसऱ्यानंतर १८, आणि तेही रुपया कोसळत असताना, म्हणजे बातमीच्या बाजूने बघितलं तर २०१३ चा ऑगस्ट काही साधा नव्हता, तेव्हा लोक १९९१ च्या परकीय चलन संकटाची आठवण काढत होते. तरी भाव ५१०० ला थांबला. या सगळ्या प्रकरणातला माझा मुख्य मुद्दा हाच आहे. पातळीला भाव किती वेळा लागला हे सगळे मोजतात, कुणी म्हणतं जास्त वेळा लागली म्हणजे पातळी मजबूत, कुणी म्हणतं जास्त वेळा लागली म्हणजे कमजोर, आणि दोघांकडे आपापली उदाहरणं असतात. मला वाटतं मोजायचं असेल तर हे मोजा की तिथून परत फेकल्यावर भाव किती खोल गेला आणि परत वर यायला त्याला किती वेळ लागला. पहिल्या आणि दुसऱ्या टॉपमधे ३४ महिने, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ३० महिने, आणि तिसऱ्यानंतर पुढची धडक साडेपाच महिन्यांत.

खालची बाजूही बघा, कारण रेझिस्टन्स बघताना लोक वरच बघत बसतात. २००८ चा तळ २२५२, डिसेंबर २०११ चा ४५३१, जून २०१२ चा ४७७०, ऑगस्ट २०१३ चा ५११८. प्रत्येक तळ आधीच्यापेक्षा वर. म्हणजे घेणारे दर वेळी आधीपेक्षा जास्त भाव द्यायला तयार होते आणि विकणारे मात्र त्याच जागी उभे होते. अडकलेला माल अमर्याद नसतो हो. ज्याला ६३०० ला सुटायचं होतं तो २०१० मधे सुटला, राहिलेला २०१३ मधे सुटला, आणि प्रत्येक वेळी त्याचा माल ज्याने घेतला त्याचा विकायचा भाव ६३०० नव्हता, त्याच्या डोक्यात वेगळा आकडा होता. हा मालकीबदल चार्टवर कुठे लिहिलेला नसतो पण पडझड कमी होत जाणं ही त्याची खूण असते.

आणखी एक गोष्ट चार्टवर अजिबात दिसत नाही. जानेवारी २००८ ला निफ्टीचा पीई (भाव कमाईच्या किती पट) २८ च्या आसपास होता. नोव्हेंबर २०१० ला २५ च्या आसपास. २०१३ च्या अखेरीला तोच निफ्टी त्याच ६३०० वर असताना पीई १९ च्या आसपास. म्हणजे रेष तीच पण रेषेवर मिळणारा माल दर वेळी स्वस्त होत गेला, कारण कंपन्यांची कमाई सहा वर्षांत वाढली होती आणि भाव मात्र तिथेच. शिवाय त्या काळात बँकेची एफडी आठ-नऊ टक्के देत होती, साडेआठ टक्क्यांनी सहा वर्षांत लाखाचे १ लाख ६३ हजार होतात, महागाईही तशीच होती, त्यामुळे २०१४ मधला ६३५७ हा २००८ मधल्या ६३५७ इतका महाग राहिलेलाच नव्हता. टेक्निकलवाले म्हणतात आम्हाला फंडामेंटल बघायची गरज नाही, रोजच्या ट्रेडिंगला नसेलही, पण अनेक वर्षांची पातळी तुटेल की नाही हे ठरवताना हा एक आकडा न बघणं मला पटत नाही.

निफ्टीच्या आतला मालही बदलला होता. २००८ च्या टॉपला निफ्टीत युनिटेक होता, सुझलॉन होता, डीएलएफचा भाव हजाराच्या वर होता. २०१३ मधे डीएलएफ दीड-दोनशेत आला होता आणि युनिटेक, सुझलॉन निफ्टीतून कधीच बाहेर गेले होते. २०१३ मधे निफ्टीला वर ठेवलं ते मुख्यतः आयटी आणि फार्मा कंपन्यांनी, ज्यांना रुपया पडण्याचा फायदाच झाला. त्यामुळे "निफ्टी जुन्या टॉपला आला, माझे शेअर का नाही आले" हा प्रश्न तेव्हा घराघरात होता. इंडेक्सचा रेझिस्टन्स आणि तुमच्या शेअरचा रेझिस्टन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या शेअरचा चार्ट वेगळा उघडा आणि त्याच्या पातळ्या वेगळ्या काढा.

आता प्रकरणाचा मधला भाग, जिथे खरी शिकवण आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

४ सप्टेंबर २०१३ ला रघुराम राजन रिझर्व्ह बँकेत आले, १८ सप्टेंबरला फेडने रोखेखरेदी कमी करणं पुढे ढकललं, १९ तारखेला निफ्टी ६११५ वर बंद झाला, म्हणजे तीन आठवड्यांत तळापासून हजार पॉइंट. १ नोव्हेंबरला सेन्सेक्सने २००८ चा उच्चांक मोडला. ३ नोव्हेंबरला रविवारी लक्ष्मीपूजन होतं, मुहूर्त ट्रेडिंगमधे सेन्सेक्स २१३०० च्या वर गेला, आणि निफ्टी ६३४३ च्या आसपास जाऊन ६३१७ वर बंद. सेन्सेक्स नवीन उच्चांकावर, निफ्टी नाही. दोन इंडेक्स एकाच बाजाराचे, एकात ३० शेअर, एकात ५०. जेव्हा असे दोन जुळे इंडेक्स एकमेकांना दुजोरा देत नाहीत तेव्हा थांबायचं असतं, कारण वर जाणं थोड्या मोठ्या शेअरांच्या जिवावर चाललेलं असतं. दहा दिवसांत, १३ नोव्हेंबरला, निफ्टी ५९९० वर होता. पट्ट्यात शॉर्ट केलेल्याला इथे चांगले पैसे मिळाले, समजा ६३०० ला विकून ५९९० ला परत घेतलं तर ३१० पॉइंट, तेव्हा निफ्टी फ्युचर्सचा (पुढच्या तारखेच्या सौद्यांचा) लॉट, म्हणजे एका सौद्याचा आकार, ५० चा होता, एका लॉटला साडेपंधरा हजार. पण ही पडझड टक्क्यात बघा, टॉपपासून तळापर्यंत सहा टक्क्यांच्या आत. ६५, २८, १८, आणि आता ६. शॉर्ट करणाऱ्याने नफा घेऊन तिथे बाहेर पडायला हवं होतं, अजून खाली जाईल म्हणून बसून राहायला नको होतं.

८ डिसेंबर रविवार. राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि दिल्लीचे निकाल. भाजपला मोठं यश आणि बाजाराने त्याचा अर्थ लोकसभेशी जोडला. शुक्रवारी निफ्टी ६२६० वर बंद झाला होता, सोमवारी ९ तारखेला तो उघडलाच ६४०० च्या वर, ६४१५.२५ चा नवीन उच्चांक, आणि मग दिवसभर उतरत उतरत ६३६३.९० वर बंद.

हा आकडा नीट बघा. ६३६३.९० हे ६३५७.१० च्या वरचं क्लोजिंग आहे. जवळपास सहा वर्षांत पहिल्यांदा. पुस्तकात दिलेला नियम आहे की इंट्राडे (दिवसाच्या मधे) वर गेलं तर मोजू नका, क्लोजिंग वर आलं तर ब्रेकआऊट. नियमाने हा ब्रेकआऊट होता. टीव्हीवर विक्रमी उच्चांक, पेपरात विक्रमी उच्चांक. पण चार्टवर त्या दिवशीची कँडल लाल होती, कारण जिथे उघडला त्याच्या ५० पॉइंट खाली बंद झाला, म्हणजे सकाळी ज्याने ज्याने घेतलं तो संध्याकाळी तोट्यात. आणि रेषेच्या वर किती? पावणेसात पॉइंट. हजारात एक रुपया. सहा वर्षांच्या पातळीला एवढ्याशा फरकाने पार झालं म्हणणं म्हणजे मनाची समजूत आहे.

पुढचे चार दिवस रोज आधीच्या दिवसापेक्षा खाली क्लोजिंग. गुरुवारी १२ तारखेला नोव्हेंबरची किरकोळ महागाई ११.२४ टक्के आली, शुक्रवारी १३ ला निफ्टी ६१६८. ज्याने सोमवारी ६४०० ला एक लॉट घेतला आणि त्या दिवशीच्या लो च्या जरा खाली स्टॉप ठेवला तो मंगळवारीच साठ-सत्तर पॉइंटचं नुकसान घेऊन बाहेर पडला, साडेतीन हजाराच्या आसपास. ज्याने स्टॉप ठेवला नाही, कारण "निवडणुकीपर्यंत वरच जाणार", त्याच्यासमोर ४ फेब्रुवारीला निफ्टी ५९३३ वर होता. साडेचारशे पॉइंट गुणिले ५०, साडेबावीस हजार एका लॉटला, आणि फ्युचर्समधे हे पैसे रोजच्या रोज खात्यातून जातात, शेवटी हिशोब होत नाही. बहुतेक जण तळाच्या आसपास मार्जिन (ठेवलेली अनामत) संपून बाहेर पडतात. त्याचं मत बरोबर होतं हे लक्षात घ्या, निवडणुकीपर्यंत बाजार वरच गेला. मत बरोबर असून पैसे गेले.

शॉर्टवाल्यांचंही त्या सोमवारी काही वेगळं झालं नाही. खूप जणांचे स्टॉप ६३५७ च्या जरा वर, ६३७० किंवा ६३८० ला असतात, कारण सगळ्यांनी तेच शिकलेलं असतं. उघडतानाच भाव ६४०० च्या वर, म्हणजे स्टॉप ६३८० ला लावला असला तरी भरला ६४०० च्या वर. आणि त्यांचे स्टॉप म्हणजे खरेदीच की, त्या खरेदीनेच सकाळचा उच्चांक बनला आणि ती संपल्यावर वर घ्यायला कुणी उरलं नाही. प्रसिद्ध पातळीच्या अगदी बाहेर स्टॉप ठेवणं धोक्याचं का, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. गॅपचा, म्हणजे आधीच्या क्लोजिंगपासून भाव उडी मारून उघडण्याचा, धोका तर वेगळाच. १८ मे २००९ ला, लोकसभा निकालानंतरच्या सोमवारी, निफ्टीला अप्पर सर्किट लागलं आणि दिवसभराचं ट्रेडिंग बंद झालं, शुक्रवारी ३६७२ वर होता तो ४३२३ वर. त्या दिवशी शॉर्ट असलेल्याचा स्टॉप कुठेही असला तरी उपयोग नव्हता. मोठ्या निकालाच्या आधीच्या शुक्रवारी पोझिशन किती मोठी ठेवायची याचा निर्णय चार्टवरून घ्यायचा नसतो, त्या गॅपमधे आपलं घर टिकेल का यावरून घ्यायचा असतो.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परत ६३५० च्या दारात. परत उतरला, या वेळी अर्जेंटिनाचा पेसो आणि तुर्कस्तानचा लिरा यांचं निमित्त, २८ जानेवारीला रिझर्व्ह बँकेने रेपो व्याजदर वाढवून ८ टक्के केला, आणि ४ फेब्रुवारीचा तो ५९३३ चा लो. खरं सांगायचं तर इथे चित्र थोडं बिघडलं होतं, कारण नोव्हेंबरचा तळ ५९७० च्या आसपास होता आणि तो थोडा मोडला. नुसत्या नियमाने चालणाऱ्याने इथे "लोअर लो झाला" म्हणून शॉर्ट केलं असतं. पण मोठ्या चित्रात ६४१५ पासूनची पडझड साडेसात टक्के होती. आणि ज्या बातम्यांवर सहा महिन्यांपूर्वी रुपया ६८ ला गेला होता तशाच बातम्यांवर या वेळी रुपया ६३ च्या आसपासच राहिला. वाईट बातमीवर बाजार कमी पडायला लागला की लक्ष द्यावं.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निफ्टी ६००० च्या आसपास घुटमळला आणि मग आवाज न करता चढायला लागला. ५ मार्चला निवडणूक आयोगाने लोकसभेच्या तारखा जाहीर केल्या. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर ते डिसेंबर २०१३ तिमाहीचा आकडा दिला, चालू खात्याची तूट जीडीपीच्या ०.९ टक्के, वर्षापूर्वी तीच ६.५ टक्के होती. म्हणजे २०१३ च्या पडझडीचं मूळ कारणच मिटत आलं होतं. ६ मार्चला निफ्टी ६४०१ वर बंद, ७ मार्चला ६५२६.६५.

डिसेंबर आणि मार्च यांची तुलना केली की सगळं उघड होतं. डिसेंबरात एका रविवारच्या बातमीवर गॅपने उडी मारली, दिवसभर विक्री, रेषेच्या वर सात पॉइंट. मार्चमधे कुठलाही मोठा निकाल नव्हता, भाव पट्ट्याच्या आतून चालत चालत वर आला, दिवसाच्या वरच्या टोकाजवळ बंद झाला, आणि ७ तारखेचं क्लोजिंग ६४१५ च्याही शंभर पॉइंट वर होतं, म्हणजे खोट्या ब्रेकआऊटचा उच्चांकसुद्धा मागे पडला. माझ्यासाठी या प्रकरणातली कसोटीची पातळी ६३५७ नव्हती, ६४१५ होती. खोटा ब्रेकआऊट झाला की पट्ट्याची वरची कड तिथे सरकते, कारण नवीन अडकलेले लोक आता तिथे असतात. शिवाय ज्या बँका २०१३ च्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त झोडपल्या गेल्या होत्या त्यांचे शेअर मार्चमधे जोरात उचलले गेले, फक्त आयटी-फार्मावर काम चाललं नव्हतं.

सोमवारी १० मार्चलाही क्लोजिंग ६५०० च्या वर. समजा इथे कुणी ६५३० ला एक लॉट घेतला, स्टॉप पट्ट्याच्या आत ६३४० ला, म्हणजे १९० पॉइंट, साडेनऊ हजाराची जोखीम. ज्याच्याकडे ट्रेडिंगचं भांडवल पाच लाख आहे त्याच्यासाठी हे दोन टक्क्यांच्या आत बसतं, ज्याच्याकडे ऐंशी हजार आहेत त्याच्यासाठी नाही, आणि मग त्याने हा ट्रेड फ्युचर्समधे घ्यायचाच नाही, निफ्टीचा ईटीएफ (शेअरसारखा घेता येणारा इंडेक्स फंड) घ्यायचा आणि त्यातच समाधान मानायचं. स्टॉप जवळ आणून जोखीम कमी दाखवणं हा मार्ग नाही, स्टॉप चार्ट ठरवतो, आपण फक्त माल किती घ्यायचा ते ठरवतो. १६ मे ला मतमोजणीच्या दिवशी निफ्टी ७५६३.५० पर्यंत जाऊन ७२०३ वर बंद झाला, क्लोजिंगवर धरलं तर ६७० पॉइंट, रोलओव्हर (सौदा पुढच्या महिन्यात नेणं) आणि ब्रोकरेज यांचा खर्च सोडून ३३ हजारांच्या वर.

डिसेंबरातल्या साडेतीन हजाराच्या नुकसानीनंतर मार्चमधे परत घेणं हे सगळ्यात अवघड काम असतं हे मान्य. ज्याने डिसेंबरात मार खाल्ला तो मार्चमधे म्हणतो, परत तेच होणार. पण डिसेंबरातलं छोटं नुकसान ही त्या पातळीवर काम करण्याची किंमतच होती, आणि ज्याने ती छोटी ठेवली त्याच्याकडे मार्चमधे पैसे आणि धीर दोन्ही शिल्लक होते. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ ला जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एवढ्या लोकांना सपोर्ट-रेझिस्टन्स माहीत नव्हता असं मला वाटत नाही, रेषा सगळ्यांनाच येतात, नुकसान छोटं ठेवता येत नाही.

आणि रिटेस्ट? पुस्तक म्हणतं तुटलेला रेझिस्टन्स सपोर्ट होतो, भाव परत तिथे येतो, तेव्हा घ्या. उरलेला मार्चभर निफ्टी ६४०० च्या वरच रेंगाळला. ६३५० ला ऑर्डर लावून बसलेले एप्रिलमधेही बसले होते, मे मधेही. मोठ्या, जुन्या पातळ्या तुटतात तेव्हा विकणारे संपलेले असतात म्हणूनच तुटतात, मग परत खाली कोण आणणार? अर्धा माल ब्रेकआऊटला आणि अर्धा रिटेस्टला अशी विभागणी करणाऱ्याला निदान अर्धा तरी मिळाला. नंतरही, चीनची घसरण आणि बँकांची बुडीत कर्जं यांनी बाजार मोडला तेव्हा, २९ फेब्रुवारी २०१६ ला बजेटच्या दिवशी निफ्टी ६८२५.८० ला थांबला. तो ६३५७ ला आला नाही. तो आला मे २०१४ च्या त्या आठवड्याच्या पातळीला जिथून एक्झिट पोलची तेजी सुरू झाली होती, ९ मे ला निफ्टी ६८५९ वर बंद झाला होता.

आजकाल या चार्टवर आणखी एक रेष मारून दाखवतात. १६ मे २०१४ चा हाय ७५६३ आणि कोविडच्या पडझडीत २४ मार्च २०२० चा लो ७५११, बघा सहा वर्षांनी रेझिस्टन्सचा सपोर्ट झाला. दिसायला फार सुंदर. पण मी हे पुरावा म्हणून घेत नाही, कारण मधे सप्टेंबर २०१५ ला निफ्टी ७५४० ला थांबला होता आणि जानेवारी २०१६ मधे त्याच जागेतून सरळ खाली गेला, तिथे कुणी उभं राहिलं नाही. २३ मार्च २०२० ला लोअर सर्किट लागून निफ्टी १३ टक्के पडला, ७६१० वर बंद झाला, त्याच दिवशी फेडने लागेल तेवढी रोखेखरेदी करू असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी ७५११ वरून उचलून ७८०१ ला क्लोजिंग दिलं. तिथे ज्यांनी घेतलं त्यांनी फेडकडे बघून किंवा स्वस्त भाव बघून घेतलं असेल, २०१४ च्या हायच्या आठवणीने घेतलं असेल असं मला वाटत नाही. ६३५७ ला तशी आठवण होती, लाखो लोकांच्या पासबुकात आणि डिमॅट स्टेटमेंटमधे लिहिलेली, म्हणून तिथे चार-पाच वेळा माल आला.